व्हेझलेचे मठचर्च : जीर्णोद्धार आणि ‘मूळ पाठा’चा प्रश्न

वाङ्मयेतिहासात ‘मूळ संहिता’ ही संज्ञा जितक्या सहजपणे योजली जाते तितक्या सहजपणे ती सिद्ध करता येत नाही. हस्तलिखितांच्या परंपरेशी ज्याचा थोडाबहुत संबंध आला आहे अशा अभ्यासकाला पाठभेद, प्रक्षेप, लेखनिकाचे हस्तदोष आणि संपादकाच्या दुरुस्त्या यांची सवय झालेली असते. छापील पानावरील ओळीकडे तो काहीशा संशयानेच पाहतो. वास्तूच्या बाबतीत मात्र हा संशय बहुधा गळून पडतो. साक्षीदार म्हणून दगड कागदापेक्षा विश्वसनीय वाटतो. मध्ययुगीन युरोपच्या मनोविश्वाविषयी लिहिताना साहित्याचे अभ्यासक एखाद्या चर्चच्या दारावरील शिल्पाचा हवाला देतात, तेव्हा ते शिल्प बाराव्या शतकातले की एकोणिसाव्या, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात व्हेझले नावाच्या टेकडीवरील गावात मरीया मग्दालीयेचे मठचर्च आहे. त्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १८४० ते १८५९ या काळात त्याचा जो जीर्णोद्धार झाला, त्यातून ‘जीर्णोद्धार’ या कल्पनेचीच आधुनिक युरोपीय घडण बऱ्याच अंशी झाली. आणि या उद्योगाच्या मुळाशी एक कथालेखक होता.

इ. स. ८५८-५९च्या सुमारास काउंट गिरार आणि त्याची पत्नी बेर्त यांनी क्यूर नदीच्या खोऱ्यात हा मठ स्थापन केला. आरंभी तो स्त्रियांसाठी होता. नॉर्मन टोळ्यांच्या हल्ल्यानंतर तो शेजारच्या टेकडीवर हलवला गेला आणि बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंकडे आला. संस्थापकांनी तो स्थानिक बिशपच्या किंवा सरंजामदाराच्या हाती न ठेवता थेट पोपच्या छत्राखाली ठेवला होता. पुढील तीनशे वर्षांतील बहुतेक तंट्यांचे मूळ या तरतुदीत आहे. ओतँचे बिशप, नेव्हेरचे काउंट आणि क्लुनीचा बलाढ्य मठ या तिघांनाही व्हेझलेवर हक्क सांगावासा वाटत होता, आणि मठ प्रत्येक वेळी रोमकडे बोट दाखवत होता.

मग्दालीयेचा मात्र या आरंभीच्या इतिहासाशी काहीच संबंध नाही. अकराव्या शतकाच्या मध्यास जोफ्रुआ नावाच्या मठाधिपतीच्या कारकिर्दीत तिचे नाव मठाशी जोडले जाऊ लागले. १०५०च्या पोपच्या आज्ञापत्रात ती मठाच्या संरक्षक संतांपैकी एक आहे, आणि १०५८च्या आज्ञापत्रात तिच्या अस्थी तेथे असल्याचे मान्य केलेले आहे. पॅलेस्टाइनमधल्या या स्त्रीच्या अस्थी बर्गंडीच्या टेकडीवर कशा आल्या, हे सांगणारी कथा त्यानंतर आकाराला आली. मग्दालीया समुद्रमार्गे प्रोव्हान्सला आली, तेथेच वारली, आणि पुढे सारासेनांच्या भीतीने बादिलों नावाच्या साधूने तिच्या अस्थी गुप्तपणे व्हेझलेला आणल्या, अशी ही कथा. आधी अस्थी प्रकट झाल्या, मग त्यांचा प्रवास रचला गेला. चरित्रवाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांना हा क्रम नवा वाटणार नाही. सांतियागो द कॉम्पोस्तेलाकडे जाणाऱ्या चार प्रमुख यात्रामार्गांपैकी एका मार्गावर व्हेझलेचे नाव आले ते याच अस्थींमुळे, आणि मठाची तिजोरीही त्यांनीच भरली.

यात्रेकरू वाढले तसे जुने चर्च अपुरे पडू लागले. आर्तो या मठाधिपतीने नवे बांधकाम काढले. ११०४ साली त्याच्या पूर्वेकडील भागाचे अर्पण झाले. आणि ११०६ साली करांच्या ओझ्याने संतापलेल्या गावकऱ्यांनी आर्तोचा खून केला. ११२० साली मग्दालीयेच्या सणाच्या आदल्या रात्री जुन्या मध्यदालनाला आग लागली. तीत हजाराहून अधिक यात्रेकरू मेले, असे वृत्तांत सांगतात. आज उभे असलेले दहा खणांचे, सुमारे ६२ मीटर लांबीचे मध्यदालन या आगीनंतरच्या वीस वर्षांतले आहे. त्याच्या पश्चिमेस ऐसपैस प्रवेशमंडप जोडला गेला. ११३२ साली पोप इनोसंट दुसरा याच्या हस्ते एक अर्पणविधी झाला. शतकाच्या अखेरीस पूर्वेकडचा वेदीमंडप पाडून त्या जागी नव्या गॉथिक पद्धतीचा, उजेडाने भरलेला मंडप उभारण्यात आला. म्हणजे मध्ययुगातच या चर्चने आपले ऐंशी-नव्वद वर्षांचे अंग सरळ टाकून दिले होते. जुने शैलीसाठी जपावे, ही कल्पना त्या बांधकाम करणाऱ्यांच्या मनात शिवण्याचे कारण नव्हते.

या काळात व्हेझले युरोपच्या राजकारणाच्या रंगमंचावर होते. ३१ मार्च ११४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, क्लेरव्होच्या बर्नारने राजा सातव्या लुईच्या उपस्थितीत दुसऱ्या धर्मयुद्धाचे आवाहन केले. ज्या प्रवचनाने हजारो लोक घरदार सोडून निघाले त्याची संहिता उपलब्ध नाही. आहेत ती त्याच्या परिणामांची वर्णने. ११६६ साली देशोधडीला लागलेल्या टॉमस बेकेटने येथूनच इंग्लंडच्या राजाच्या माणसांवर बहिष्कार पुकारला. ११९० साली फिलिप ऑग्यूस्त आणि रिचर्ड हे दोन राजे तिसऱ्या धर्मयुद्धासाठी येथे एकत्र आले. या सगळ्यापेक्षा अधिक मोलाचा दस्तऐवज मात्र वेगळाच आहे. ११५२ ते ११५५ या काळात गावकऱ्यांनी नेव्हेरच्या काउंटच्या पाठिंब्याने मठाविरुद्ध बंड करून स्वतःचे नगरमंडळ स्थापन केले. पुएतिएचा ह्यूग या साधूने या संघर्षाचा लॅटिन वृत्तांत लिहून ठेवला आहे. तो अर्थातच मठाच्या बाजूचा आहे. गावकरी त्यात कृतघ्न आणि मठाधिपती पोंस सहनशील असणार हे उघड. पण ह्यूगच्या रोषातूनच गावकऱ्यांचे गाऱ्हाणे इतके स्पष्ट ऐकू येते की, विरोधकाची बाजू नकळत नोंदवून जाणाऱ्या बखरीची आठवण व्हावी.

प्रवेशमंडपातून मध्यदालनात जाताना मधल्या दारावर जो अर्धवर्तुळाकार शिल्पपट आहे, तो रोमनेस्क शिल्पाचा शिखरबिंदू समजला जातो. मधोमध विशाल ख्रिस्त. त्याच्या पसरलेल्या हातांपासून निघालेले किरण प्रेषितांच्या मस्तकांपर्यंत गेलेले. पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्याचे अवतरण आणि सर्व राष्ट्रांत सुवार्ता नेण्याची आज्ञा, असे दोन प्रसंग येथे एकत्र गुंफलेले आहेत. भोवती राशिचक्र आणि बारा महिन्यांची कामे आहेत. आणि कडेच्या चौकटींत व खालच्या पट्टीवर ज्यांच्यापर्यंत हा संदेश पोचायचा ती जगाच्या टोकावरची माणसे. त्यांत कुत्र्याच्या तोंडाचे लोक आहेत, घोड्यावर बसण्यासाठी शिडी लावणारे बुटके आहेत, आणि ज्यांचे कान अंगाएवढे मोठे आहेत असे एक कुटुंबही आहे.

या कानवाल्या कुटुंबाशी भारतीय वाचकाचे नाते जवळचे आहे. कुत्र्याच्या तोंडाचे लोक भारतात राहतात असे क्टेसियसने इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस ग्रीकांना सांगितले. कानांत झोपणाऱ्या माणसांची वार्ता पाटलिपुत्रास राहून गेलेल्या मेगॅस्थिनिसने नेली. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयात ‘कर्णप्रावरण’ लोक येतात. कान हेच ज्यांचे पांघरूण, असे. मेगॅस्थिनिसने येथे ऐकलेली गोष्ट प्लिनीच्या कोशात गेली, तेथून सेव्हिलच्या इसिदोरमार्फत मठांच्या ग्रंथालयांत पोचली, आणि बाराव्या शतकात बर्गंडीच्या चुनखडीत कोरली गेली. वाटेत तिचा पत्ता बदलला. कोणी या लोकांना सिथियात वसवले. आडोल्फ कात्सेनेलेनबोगेन यांनी १९४४ साली या शिल्पपटाची जी मीमांसा केली तीत त्यांनी त्याचा संबंध पहिल्या धर्मयुद्धाच्या विचारविश्वाशी जोडला. ती सर्वांना मान्य नाही. पण ती मांडता तरी आली, कारण हा आतला पट प्रवेशमंडपाच्या आडोशाने पुष्कळसा शाबूत राहिला. त्याच्या पलीकडे, बाहेरच्या दर्शनी भिंतीवर, गोष्ट वेगळी आहे.

तेराव्या शतकात व्हेझलेची पीछेहाट सुरू झाली, तीही एका पाठाच्या वादातूनच. अस्थींविषयी कुजबुज वाढली तेव्हा साधूंनी त्यांची पुन्हा तपासणी करवली, आणि १२६७ साली नवव्या लुईच्या उपस्थितीत त्यांचे समारंभपूर्वक प्रदर्शन झाले. पण १२७९ साली प्रोव्हान्समध्ये सँ-माक्सिमँ येथे सालेर्नोच्या चार्ल्सने एक शवपेटी उघडली आणि मग्दालीयेचा खरा देह तेथेच असल्याचे जाहीर केले. पेटीत एक लेखही सापडला. सारासेनांच्या भीतीने देहांची अदलाबदल केली होती, असे त्याचे तात्पर्य. म्हणजे व्हेझलेच्या साधूने नेला तो दुसऱ्याच कोणाचा देह. व्हेझलेने प्रोव्हान्सच्या भूमीवर जी कथा उभी केली होती, ती प्रोव्हान्सने एका वाक्याची दुरुस्ती करून परत घेतली. १२९५ साली पोप आठवा बोनिफेस याने सँ-माक्सिमँचा दावा मान्य केला आणि यात्रेकरू तिकडे वळले.

पुढची साडेपाचशे वर्षे थोडक्यात सांगता येतात. सोळाव्या शतकात मठ मोडून तेथे साधे धर्माधिकारी नेमले गेले, १५६९ साली ह्यूगनॉ सैनिकांनी चर्च ताब्यात घेतले, राज्यक्रांतीनंतर मठाच्या इमारती विकून पाडल्या गेल्या, १७९३ साली दर्शनी भिंतीवरील शिल्पे छिन्नीने तासून टाकली गेली, आणि १८१९ साली एका मनोऱ्यावर वीज पडली. ऑगस्ट १८३४ मध्ये प्रॉस्पेर मेरिमे तेथे पोचला तेव्हा गळक्या छताखाली, बाहेर कललेल्या भिंतींच्या आधारावर चर्च कसेबसे उभे होते. आत एकटा बसून रेखाटन करीत असताना आपल्या भोवती लहान लहान दगड सुटून पडत असल्याचे आवाज सतत येत होते, असे त्याने आपल्या प्रवासवृत्तात नोंदवले आहे.

मेरिमे त्याच वर्षी ऐतिहासिक स्मारकांचा महानिरीक्षक झाला होता. साहित्याच्या वाचकाला तो ‘कार्मेन’चा लेखक म्हणून ठाऊक असतो. त्याच्या वाङ्मयीन कारकिर्दीचा आरंभ मात्र दोन तोतया पुस्तकांनी झाला. १८२५ साली क्लारा गाझुल या कल्पित स्पॅनिश नटीच्या नावाने त्याने नाटके प्रसिद्ध केली, आणि १८२७ साली ‘ला ग्यूझ्ला’ या नावाखाली इलिरियन लोकगीतांचे तथाकथित भाषांतर. ही गीते त्याने स्वतःच रचली होती. तरी पुश्किनसारखा कवी फसला आणि त्यांपैकी काहींचे त्याने रशियनमध्ये रूपांतर केले. मूळच नसलेल्या संहितेचे विश्वसनीय भाषांतर करू शकणाऱ्या माणसाकडे फ्रान्सच्या जुन्या वास्तूंचे अस्सलपण जपण्याचे काम आले, याकडे केवळ विनोद म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. जुन्या काळाच्या आवाजात बोलता येणे ही स्वच्छंदतावादी पिढीची मोठी कमाई होती. स्कॉटच्या कादंबऱ्या, ह्यूगोची १८३१ची ‘नोत्र-दाम द पारी’, लोकगीतांचे संग्रह या सर्वांच्या मुळाशी हीच अनुकरणशक्ती आहे. तिच्यातून संशोधन निघाले, बनावटही निघाली, आणि दोहोंमधील सीमा त्या काळी फार पुसट होती. ह्यूगोने आपल्या कादंबरीच्या १८३२च्या आवृत्तीत छापील ग्रंथ वास्तूला मारील असे भाकीत घातले होते. प्रत्यक्षात ग्रंथकारांनीच वास्तूंना वाचवायला घेतले, आणि ग्रंथ वाचतात तसे त्यांना वाचले.

मेरिमेच्या आग्रहाने १८४० साली व्हेझलेचे काम युजेन व्हियोले-ल-द्यूक या सव्वीस वर्षांच्या तरुणाकडे देण्यात आले. त्याने वास्तुकलेच्या सरकारी शाळेत जाण्याचे कटाक्षाने टाळले होते आणि मोठ्या इमारतीचा जीर्णोद्धार त्यापूर्वी कधी केला नव्हता. समोरचा प्रश्न आधी स्थापत्याचा होता. मध्यदालनाचे दगडी छत जड; ते तोलणाऱ्या आडव्या कमानी काळाच्या ओघात बसल्या, चपट्या झाल्या आणि भिंतींना बाहेर ढकलू लागल्या. मध्ययुगातच कोणी तरी बाहेरून टेकूच्या कमानी दिल्या होत्या, पण त्या चुकीच्या जागी भिडत असल्याने निरुपयोगी होत्या. व्हियोले-ल-द्यूकने आधी हे टेकू नव्याने बांधले, मग आतून लाकडी आधार देऊन छताचे खण एकामागून एक उतरवले आणि हलक्या साहित्यात पुन्हा उभे केले. एक खण चुकता तर शेजारचा कोसळला असता. या कामाबद्दल त्याचे टीकाकारही फारसे काही बोलत नाहीत. आज पांढऱ्या-तपकिरी दगडांच्या पट्ट्यांच्या ज्या कमानींनी व्हेझलेचे छायाचित्र ओळखू येते, त्यांतल्या बहुतेक त्याने पुन्हा रचलेल्या आहेत, आणि त्या रचल्या नसत्या तर छायाचित्र काढण्याजोगे काही उरलेच नसते.

वादाची जागा पुढे येते. मध्यदालनाच्या पूर्व टोकाच्या चार खणांचे छत तेराव्या शतकात कोसळल्यावर गॉथिक पद्धतीने बांधले गेले होते. त्यांपैकी तीन खण व्हियोले-ल-द्यूकने गॉथिक स्वरूपात दुरुस्त न करता रोमनेस्क करून टाकले, आणि चौथा तेवढा ठेवला. दालन एकसंध दिसावे ही त्यामागची दृष्टी. खर्चाची आणि बळकटीची कारणे सांगता येतात, पण निर्णय मूलतः सौंदर्यविषयक होता. तेराव्या शतकातील दुरुस्ती हा त्या वास्तूच्या चरित्राचा भाग होता. एकोणिसाव्या शतकाने बाराव्याशी प्रामाणिक राहण्यासाठी तेरावे पुसले. स्तंभशीर्षांच्या बाबतीत त्याची वागणूक अधिक सावध दिसते. जी फार झिजली होती ती काढून त्यांच्या जागी प्रती बसवल्या आणि मूळ नमुने जपून ठेवले. आज ते चर्चलगतच्या संग्रहालयात पाहता येतात. मोशे धान्य ओततो आणि पौल पीठ गोळा करतो, जुन्या करारातून नवा करार दळून निघतो, असे दाखवणारे प्रसिद्ध स्तंभशीर्ष मात्र बाराव्या शतकाचे आहे, ही एक समाधानाची गोष्ट.

दर्शनी भिंतीवर त्याने सर्वांत मोठे धाडस केले. १७९३ साली तासलेल्या शिल्पपटावर, अवशिष्ट खुणांवरून अभ्यासक मानतात त्याप्रमाणे, चार सुवार्तिकांच्या चिन्हांमध्ये विराजमान ख्रिस्त असावा. त्या जागी १८५६ साली मिशेल-पास्काल या शिल्पकाराकडून अंतिम न्यायाचा प्रसंग नव्याने कोरवून घेण्यात आला. दुरुस्त झालेली ही ओळ पाठभेदात मोडत नाही. तिला प्रक्षेपच म्हणावे लागेल, कारण तिला त्या हस्तलिखितातच आधार नाही. हे दार ओलांडून जाणारा प्रवासी मध्ययुगीन भयाविषयी जे काही मनात योजतो, त्याचा पहिला परिच्छेद दुसऱ्या साम्राज्याच्या काळात लिहिला गेलेला असतो.

या अनुभवाची तात्त्विक मांडणी व्हियोले-ल-द्यूकने आपल्या दहा खंडी वास्तुकोशात केली. १८६६ साली निघालेल्या आठव्या खंडातील ‘जीर्णोद्धार’ या नोंदीत तो म्हणतो की, इमारतीचा जीर्णोद्धार करणे म्हणजे तिची डागडुजी करणे नव्हे. तिला अशा पूर्णावस्थेला नेणे की जी कोणत्याही एका क्षणी प्रत्यक्षात कधीही अस्तित्वात नसेल. ही व्याख्या बहुधा त्याच्या उद्दामपणाचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. ती बारकाईने वाचली तर तिच्यात एक दुर्मिळ प्रामाणिकपणा आहे. आपण भूतकाळ परत आणतो असा त्याचा दावाच नाही. शब्द आणि त्यामागची कल्पना दोन्ही आधुनिक आहेत, असे तो त्याच नोंदीत बजावतो. जॉन रस्किनने १८४९ साली याच्या नेमकी उलट भूमिका घेतली होती: जीर्णोद्धार हे असत्य आहे, मेलेल्याला उठवता येत नाही, इमारतीची काळजी घ्यावी आणि तिचा अंत आला तर तो उघडपणे येऊ द्यावा. १८७७ साली विल्यम मॉरिसने स्थापन केलेल्या संस्थेने हीच भूमिका इंग्लंडमध्ये व्यवहारात आणली.

मराठीतील ‘जीर्णोद्धार’ हा शब्द या वादात वापरताना थोडे थांबावे लागते. आपल्याकडील देवालयांच्या जीर्णोद्धारात महत्त्व दगडाच्या वयाला नसते, पूजेच्या सातत्याला असते. अहिल्याबाई होळकरांनी वेरूळचे घृष्णेश्वर किंवा काशीचे विश्वेश्वर मंदिर बांधविले ते आपल्या काळाच्या शैलीत, आणि त्यात कोणाची फसवणूक झाली असे कोणी मानत नाही. बाराव्या शतकाअखेरीस आपलाच वेदीमंडप पाडणारे व्हेझलेचे साधू या अर्थाने अहिल्याबाईंच्या अधिक जवळचे आहेत. व्हियोले-ल-द्यूक वेगळा ठरतो तो यात की, त्याने नवे बांधले आणि ते जुन्याच्या हस्ताक्षरात बांधले.

हस्ताक्षराचा हा मुद्दा संहिताचिकित्सेकडे नेतो. व्हेझलेवर काम चालू असतानाच, १८५० साली, कार्ल लाखमानने ल्युक्रेशियसची आपली आवृत्ती प्रसिद्ध केली. उपलब्ध प्रतींतील समान चुकांवरून त्यांची वंशावळ लावायची, वंशावळीवरून हरवलेल्या आदिप्रतीपर्यंत पोचायचे आणि जेथे प्रती मुक्या असतील तेथे तर्काने पाठ सिद्ध करायचा, ही त्याची पद्धत. सिद्ध झालेला पाठ कोणत्याही एका प्रतीत नसतो. व्हियोले-ल-द्यूकची ‘कधीही अस्तित्वात नसलेली पूर्णावस्था’ आणि लाखमानची सिद्ध संहिता या एकाच बौद्धिक वातावरणाच्या निर्मिती आहेत, असे म्हणण्यास हरकत नसावी. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची प्रेरणाही याच परंपरेतली. बर्लिनमध्ये शिकून आलेल्या वि. स. सुकथनकरांनी आदिपर्वाच्या १९३३च्या प्रस्तावनेत मात्र जो संयम दाखवला तो लक्षात घेण्याजोगा आहे. आपली संहिता म्हणजे व्यासांचे मूळ भारत नव्हे, उपलब्ध प्रतींच्या आधारे जाता येईल तितक्या मागे गेलेला पाठ आहे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले, आणि गाळलेला मजकूर टीपांत व परिशिष्टांत जपून ठेवला. व्हेझलेच्या तीन गॉथिक खणांना असे परिशिष्ट मिळाले नाही. दगडातली आवृत्ती आणि कागदावरची आवृत्ती यांतला हा फरक निर्णायक आहे: संपादक नाकारलेला पाठ खाली छापू शकतो, वास्तुशिल्पी नाकारलेले छत उतरवतो.

लाखमानच्या पद्धतीवर सर्वांत मर्मभेदी टीका झाली ती फ्रान्समध्येच, जोझेफ बेदिएकडून. १९१३ची आपली ‘ले द लोंब्र’ची आवृत्ती आणि १९२८चा प्रदीर्घ लेख यांत त्याने दाखवून दिले की, संपादकांच्या वंशावळी संशयास्पद प्रमाणात दोनच शाखांच्या निघतात, कारण दोन शाखा असल्या की निवड संपादकाच्या हाती राहते. त्यापेक्षा एक चांगली प्रत निवडावी आणि तिच्यात शक्य तितका कमी हात घालावा. रस्किनने वास्तूंविषयी जे म्हटले त्याचे हे वाङ्मयीन प्रतिरूप होय. याच बेदिएने वीरकाव्यांच्या उगमाविषयीच्या आपल्या चार खंडी ग्रंथात (१९०८–१९१३) ही काव्ये यात्रामार्गांवरील मठांच्या आसऱ्याने, साधू आणि गायक यांच्या सहकार्यातून घडली असा सिद्धान्त मांडला. आणि त्याचा एक मोठा आधार होता व्हेझलेचा संस्थापक गिरार. बाराव्या शतकातील ‘गिरार द रूसियों’ या काव्यात बंडखोर गिरार अखेर शरण येतो, आणि त्याची पत्नी बेर्त मग्दालीयेच्या चर्चसाठी रात्री गुपचूप बांधकामाचे साहित्य वाहते. ज्या काळातली ही बेर्त, त्या काळात मग्दालीया व्हेझलेत आलेलीच नव्हती. मठाने स्वतःचा भूतकाळ काव्यात पूर्ण करून घेतला होता. बेदिएचा सिद्धान्त आज जसाच्या तसा कोणी स्वीकारत नाही. परंतु व्हेझलेपुरते पाहता जीर्णोद्धाराची ही वृत्ती मेरिमेच्या सातशे वर्षे आधीपासून तेथे नांदत होती, हे त्यातून दिसते.

म्हणून व्हियोले-ल-द्यूकला बनावटखोर ठरवणारी आणि तारणहार ठरवणारी अशा दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. त्याच्या कामाचे एकच एक मूल्यमापन करता येत नाही. छताची पुनर्रचना ही अपरिहार्य दुरुस्ती होती. तीन खणांचे रूपांतर ही संपादकीय निवड होती आणि ती चुकीची होती. दर्शनी शिल्पपट ही स्वतंत्र रचना होती आणि तिने आपली तारीख लपवली, हा तिचा दोष. १९६४च्या व्हेनिस सनदेने जीर्णोद्धाराने अनुमानाच्या सीमेवर थांबावे, असा दंडक घातला. हा दंडक शहाणपणाचा आहे, पण अर्थनिर्णयनाशिवाय कोणतीही दुरुस्ती होत नाही ही अडचण तो सोडवत नाही. कोणती भेग वाचावी आणि कोणती बुजवावी, हे ठरवतानाच अनुमान सुरू झालेले असते. केव्हिन मर्फी यांनी २००० सालच्या आपल्या ग्रंथात व्हेझलेचा जीर्णोद्धार राष्ट्राच्या स्मृतीचे राज्यसंस्थेने केलेले संपादन म्हणून वाचला आहे. गावकऱ्यांना जे आपले पॅरिश चर्च होते ते पॅरिसला फ्रान्सचे स्मारक हवे होते. ह्यूगच्या वृत्तांतातील गावकरी आणि बाहेरची सत्ता यांचा झगडा येथे नव्या वेषात दिसतो.

अभ्यासकांच्या दृष्टीने खरी उपकारक गोष्ट १९४८ साली घडली. फ्रान्सिस साले यांनी झाँ अदेमार यांच्या सहकार्याने चर्चचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात मूळ शिल्पे आणि प्रती यांची छाननी करून दिली. वास्तूची चिकित्सित आवृत्ती म्हणतात ती अशी. तिच्याशिवाय व्हेझलेच्या स्तंभशीर्षांवर विधान करणे म्हणजे पाठभेद न पाहता ओवीचा अर्थ लावणे होय. तरी नवे अर्थ थांबत नाहीत. उन्हाळी अयनदिनी भर दुपारी वरच्या खिडक्यांतून येणारे प्रकाशाचे ठिपके मध्यदालनाच्या नेमक्या मध्यरेषेवर रांगेने पडतात, हे १९७६ साली एका फ्रान्सिस्कन साधूने लक्षात आणून दिले, आणि तेव्हापासून ही रचना मध्ययुगीन योजकांच्या गूढ संकल्पाचा पुरावा म्हणून सांगितली जाते. संकल्प असेलही. विसाव्या शतकाच्या डोळ्यांना तो दिसला, हेही त्याच्या इतिहासात धरले पाहिजे. रोमाँ रोलाँ १९३८ ते १९४४ असा अखेरचा काळ याच गावात राहिला आणि जॉर्ज बातायची समाधी येथेच आहे. दोघांच्या वाचकांपैकी किती जणांनी वरच्या दाराकडे संशयाने पाहिले असेल, हे सांगणे कठीण.

१९७९ साली चर्च जागतिक वारशाच्या यादीत आले, ते व्हियोले-ल-द्यूकच्या कामासह. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र-दामचे छत जळाले आणि त्याने १८५९ साली उभारलेला शिखराचा मनोरा कोसळला. नवा मनोरा आजच्या शैलीत असावा की नाही यावर वर्षभर चर्चा झाली; जुलै २०२०मध्ये तो व्हियोले-ल-द्यूकच्या आराखड्याबरहुकूम उभारण्याचे ठरले, आणि डिसेंबर २०२४मध्ये कॅथीड्रल पुन्हा उघडले. त्याचा प्रक्षेप आता मूळ पाठ झाला आहे. व्हेझलेत मात्र दोन्ही पाठ एकाच आवारात आहेत. मिशेल-पास्कालचा अंतिम न्याय दर्शनी भिंतीवर आहे, आणि १७९३ साली तासलेला जुना शिल्पपट चर्चच्या बाहेर, बाजूच्या भिंतीशी, पावसापाण्यात ठेवलेला आहे. त्यावरच्या आकृतींच्या कडा तेवढ्या उरल्या आहेत.